एकशे बारा तास

टिपणीसांनी पंख उलगडला
सीवूड्समधल्या त्यांच्या सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावर,
नेटच्या खांबापासून जनरेटरच्या पिंजऱ्यापर्यंत,
आणि वॉचमन विचारायला आला
मंडप कुणाकडचा.

पॅराग्लायडर. नारंगी, कडेला पांढरा.
"एकशे बारा तास उडालाय फक्त," टिपणीस म्हणाले,
"दोन वर्षं कपाटातच."
दीड लाख.
माझ्याकडे एक लाख दहा,
त्यातले चाळीस आईच्या भिशीचे,
म्हणून आईही आलेली, दिवाळ्याहून,
मासळीची टोपली शेजारणीकडे सोपवून.

मी रबाळ्यात वजनकाटे तपासते.
पाच किलो खरंच पाच किलो आहे का,
दिवसभर एवढंच.
म्हणून कापडाला ओठ लावून फुंकर मारली,
आधी मधल्या कप्प्यात, मग टोकाच्या.
फुंकर पलीकडे गेली नाही.
कापड हट्टी होतं.
शिवणी ओढल्या. उन्हाकडे धरून डाग पाहिले.
वहीत लिहिलं, उजवीकडे चिकटपट्टी, दोन बोटं.

आधी दोन पाहून झाले होते.
घणसोलीतला निळा, स्पर्धेचा, सुरीसारखा निमुळता.
मालकच म्हणाला, ताई, हा हवेत मिटला
तर उघडता यायला हवा.
मला अजून तेवढं येत नाही.
आणि कोपरखैरण्यातला पिवळा,
जाडसर, दहा वर्षांचा, नव्वद हजार.
एक मीटर पडेस्तोवर आठ मीटर पुढे जातो.
नारंगी साडेनऊ.

पडायचं तर सगळ्यांनाच.
दीड मीटरचा फरक, कोर्टावर
सर्व्हिसच्या रेषेपर्यंतसुद्धा पोचत नाही.
पण हजार मीटरवरून निघालं
आणि वाटेत तापलेली हवा भेटलीच नाही,
तर तोच फरक म्हणजे
धरणाच्या अलीकडचं शेत की पलीकडचं,
एसटीचा थांबा, की संध्याकाळभर
वीस किलो पाठीवर घेऊन चालणं.

इथे तर उडायचं नाहीच.
इथलं आकाश उलव्याच्या विमानांच्या नावावर.
आम्ही कामशेतला जायचं, शनिवारी, अंधारात निघून.

आई इतका वेळ कडेला उभी.
मग चपला काढून कोर्टावर बसली
आणि दोऱ्यांचा झुबका मांडीवर घेतला,
फाटलं जाळं घेते तसा.
एकेक दोरी अंगठ्याच्या नखाखालून सोडत गेली.
सुतळीहून बारीक दोऱ्या.
यांच्यावर मी लटकणार, हे मी तिला सांगितलं होतं,
ती तेव्हा बोंबील वळत घालत होती.
एका दोरीपाशी थांबली.
बोट जिभेला लावलं.
"बाय, यो खाऱ्या पान्यान बुरलेला हाय."

टिपणीस हसले.
मग डोक्यावरून विमान गेलं, चाकं बाहेर काढलेलं,
आणि ते जाईपर्यंत कुणालाच बोलता आलं नाही.

"काशीदला," ते म्हणाले. "उतरताना वारा फिरला.
गोड्या पाण्यात धुतला होता मी, तीनदा.
मुलगी किनाऱ्यावर उभी होती, मोबाइल धरून.
आणि मग," म्हणाले,
आणि घडी घालायला लागले.

मी दुसरं टोक धरलं.
एवढं कापड एकट्याने आवरत नाही.
गुडघ्यांवर रांगत, हवा दाबून काढत
दोघं मध्याकडे सरकत आलो.
जवळ आल्यावर ते हळूच म्हणाले,
"पंचाण्णवला घेऊन जा. दोऱ्या तेवढ्या बदला."
नव्या दोऱ्या चाळीस हजार. परदेशातून, दीड महिना.
मी हिशेब करत होते आणि त्यांना तो दिसत होता.
"तुमच्या आईंना," ते म्हणाले, "चहा चालेल का?"

चहा घेतला. त्यांच्या मुलीने आणून दिला,
पंखाकडे न बघता.
आईने कप विसळूनच परत दिला.

खाली रिक्षात बसल्यावर तिने विचारलं,
"त्या पिवल्याचे दोर कवा बगाचे?"
पाच वाजत होते. ऊन अजून होतं.
"कोपरखैरणे," मी म्हणाले,
आणि रिक्षावाल्याने मीटर पाडला.